मिराबाईची पाठ

कुरुंद्याच्या मिराबाईला कंबरदुखी चालायची, पण धाकट्या जावेचं, मोतीबाईचं कौतुक चालायचं नाही. दोघींनी पन्नास वर्षं एकाच शेतात हळद वेचली. मोतीबाई पार वाकून गेली. वाकली मिराबाईही होती, पण जाऊ दिसली रे दिसली की दात-ओठ खाऊन ताठ व्हायची. एवढा एक मान तिनं सोडला नव्हता.

अशात तिची सख्खी नात राणी पुण्याहून आली. ती तिकडं बुतो नावाचा नाच शिकत होती. नाच जपानातला, महायुद्धानंतर निघालेला. उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या एका माणसानं गोजिरवाणी पावलं सोडून दिली आणि आपल्या गावाकडची भातशेतीत वाकलेली, गारठलेली शरीरं रंगमंचावर आणली. आधी लोकांनी नाकं मुरडली. मग तोच नाच युरोप-अमेरिकेत गेला नि आता पुण्यापर्यंत पोचला होता. राणीला त्यासाठी इथली, हळदीत वाकलेली चाल हवी होती.

नात आपल्याला बघणार म्हणून मिराबाई दुसऱ्याच दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसली आणि तिच्यापुढून काठीसारखी सरळ चालली. राणी मात्र पंधरा दिवस मोतीबाईच्या मागं फिरली.

मिराबाईचा नुसता जळफळाट झाला. एके दिवशी तिनं नातीला गाठलंच.

"तिच्या मागं काहून फिरून राहिली? म्या काय कमी हळद वेचली?"

"पण आजी, तू तर वाकतच न्हाईस!"

हे ऐकण्यासाठीच तर ती जन्मभर ताठ राहिली होती. आता ते ऐकून तिला रडू आलं.

शेवटी शाळेच्या पटांगणात राणी अंगाला पांढरं फासून गावापुढं नाचायला उभी राहिली. एक हात कमरेवर, मान खाली, पाऊल उचलायलाच मिनिटभर. पोरं आधी हसली, मग पुढं सरकून बसली. बाया मोतीबाईकडं वळून वळून बघू लागल्या. "ही माझ्या लहान आजीची चाल," राणीनं सांगितलं. त्या चालीतली कळ न् कळ मिराबाईच्या ओळखीची होती. तिला तिथं बसवेना.

उठताना तिची पाठ धरली. हात आपसूक कमरेवर गेला. मोतीबाई बघतच राहिली. राणी धावत आली.

"आजी! कधीपासून अशी चालतेस?"

मिराबाई सवयीनं ताठ व्हायला गेली, आणि थांबली.

"हिच्या आधीपासून," ती म्हणाली, आणि सगळ्या गावादेखत, जावेपेक्षा चार बोटं जास्तच वाकून घरापर्यंत चालत गेली.