दारातल्या चौघी आणि माझी सही

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होतो. चार दिवस ताप अंगावर काढला बाईनं. मला रडू नाही आलं, रागच आला... तिचा, समोरच्या गठ्ठ्याचा आणि माझा.

आमच्या कॉलेजात पेशीच्या पडद्यातली कॅल्शियमची वाहिनी शिकवताना ती प्रयोगशाळेच्या दारात चार पोरी उभ्या करायची. त्या चौघी म्हणजे वाहिनीच्या अरुंद तोंडातले ऋण भार. आत शिरणाऱ्या पोरांचे हात म्हणजे धन भार. कॅल्शियम झालेल्यानं दोन्ही पुढे करायचे, सोडियम झालेल्यानं एकच. दोन हातवाल्याला चौघी घट्ट धरायच्या, मग सोडियमला शिरायला जागाच उरायची नाही. मागून दुसरा कॅल्शियम आला की पहिला आत सुटायचा. कॅल्शियमवाले सगळे बाजूला केले, की सोडियमवाले खुशाल आत घुसायचे. “पाहा रे, दोघंही जवळपास एकाच मापाचे! मापानं नाही, पकडीनं निवड होऊन राहिली!” हे पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

सानगडी गावाहून शिकायला येणाऱ्या रोशनीनं परीक्षेत हेच लिहिलं. तपासणाऱ्यांना दिलेल्या छापील उत्तरात मात्र ‘सोडियम मोठा, म्हणून अडतो’ असं धडधडीत चूक. पेपर मीच तपासला. खरं ठाऊक असून शून्य दिलं. रोशनी थोडक्यात नापास झाली आणि घरच्यांनी तिचं शिक्षणच बंद केलं.

“सर, तुमाले ठाऊक होतं ना?” कुंदाताईनं टेबलावर हात आपटला.

“छापील उत्तर तसंच आहे, ताई.”

“आग लागो त्या छापील उत्तराले! फेरतपासणीचा अर्ज करू. तपासणाऱ्याची सही लागते, करा.”

‘पाहू’ म्हणालो आणि नुसता पाहत राहिलो. ती एकटीच परीक्षा विभागाकडे अर्ज पाठवत राहिली. उत्तर कधीच आलं नाही.

शोकसभेत प्राचार्य साहेब म्हणाले, “मॅडम मितभाषी होत्या.” मितभाषी? डोंबल! जिवंतपणी जिचं एक अक्षर ऐकून घेतलं नाही, ती मेल्यावर मितभाषी! उठून ओरडावंसं वाटलं. पण मी कोणत्या तोंडानं ओरडणार होतो?

सभेनंतर प्रयोगशाळेत गेलो. सभेला आलेली रोशनी खुंटीवरचा मॅडमचा ॲप्रन काढून घडी घालत होती. खिशात चार घड्यांचा एक अर्ज निघाला. खाली माझं नाव, त्यावर सहीची कोरी जागा. मी तिथंच पेन काढलं आणि सही केली.

रोशनीनं सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सर, मॅडम होती तवा काहून नाही केली?”