मधे जागा सोडलेला नंबर

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी तासगावच्या शेडवर बेदाणा निवडत होते. काविळीनं महिन्यात संपली. माझ्या बहिणीची पोर, पण वाढवली मी. मी चौथी शिकलेली. ती साताऱ्यात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची.

तिनं तालुक्यातल्या रक्तदात्यांची यादी फुकट करून दिली होती. लोक मोबाईलवर फॉर्म भरायचे, प्रोग्रॅम फोन नंबर तपासायचा. त्यासाठी ती आकड्यांचा साचा लिहायची, त्याला रेजेक्स म्हणतात. साच्यात बसेल ते आत, बाकी बाहेर. सलग दहा आकडे, एवढंच तिनं धरलं. एका निवृत्त फौजीनं पाच आकडे लिहून मधे जागा सोडली, मग पाच लिहिले. प्रोग्रॅमनं त्याला न सांगताच गाळलं. पुढं एका बाळंतिणीला त्याच्याच गटाचं रक्त लागलं. यादीत कुणी निघालं नाही. बाई गेली. फौजी दवाखान्यामागच्या गल्लीत, घरीच होता.

मंगलला कुणी बोललं नाही. तिनंच शोधून काढलं आणि रविवारी दुपारी माझ्याकडं आली.

"मावशी, माझं चुकलं का गं?"

"व्हय, तुझंच चुकलं. माणसं कशी लिवत्यात ते आदी बघाय नको व्हतं?"

एवढं बोलून मी गुरांना पाणी दाखवायला उठले.

घाईनं तिनं साचा सैल केला. मग कुणी चुकून आधार कार्डाचा नंबर लिहिला, तर तो त्या बारा आकड्यांतले दहा उचलून फोन नंबर म्हणून घेऊ लागला… साच्याची सुरुवात आणि शेवट बांधायचा, म्हणजे मागंपुढं जादा आकडा नको हे सांगायचं, राहिलं होतं. त्यानंतर ती वही घेऊन शेडवर यायची, बायकांकडनं नंबर लिहून घ्यायची. शून्य लावलेला, टिंब दिलेला, मराठी आकड्यांतला. "एवढं नंबर कशाला गं, नवरा हुडकतीस व्हय?" म्हणून बायका हसायच्या. ती हसायची नाही. चुकीचेही मागायची, एक आकडा कमी, एक जास्त. बरोबर ते आत यावं आणि चुकीचं बाहेर राहावं, दोन्ही तपासायचं, म्हणायची. हे आधी केलं असतं तर… ते मात्र कधी बोलली नाही.

परवा तिच्या ऑफिसातली बाई येऊन गेली. साच्यात काहीही बदललं की वहीतले सगळे नंबर आपोआप तपासले जातात, पहिला त्या फौजीचा, असं तिनं सांगितलं. "आजी, आता एकबी गळत न्हाई." बरं झालं, म्हटलं. जिला रक्त हवं होतं ती गेली, जिनं चूक शोधली तीही गेली. चूक मंगलचीच होती, मी आजही तेच म्हणेन. पण तेवढंच बोलून उठायला नको होतं. आता रविवारी दुपारी मी सोप्यात बसून असते, कामं पडली तरी उठत नाही. विचारायला कुणी येत नाही.