मंडळ मोडीत काढायचं तर

रघुवीर कापशीकर चंदीगडला माझ्याच केंद्र सरकारी कचेरीत भांडारपाल होता. जुनं सामान मोडीत काढायची वेळ आली की गडी खुशीत. मोडकळीला इंग्रजीत किती रंगवून बोलतात, याचं त्याला भारी कौतुक! खुर्ची डुगडुगली की म्हणायचा, ‘ऑन इट्स लास्ट लेग्ज.’ म्हणजे शेवटच्या पायांवर उभी आहे. टाइपरायटर बंद पडला की ‘गिव्हन अप द घोस्ट.’ आतलं भूतच सोडून गेलं म्हणे! आमच्या गावच्या शाळेत मास्तरांनी ही मजा कधी सांगितलीच नाही. मी आपला पोट धरून हसायचो.

तर ते पंजाबातले अतिरेक्यांचे दिवस. चौकाचौकात नाकाबंदी, अंधारायच्या आत सगळे घरात. आमच्या तिथल्या मराठी मंडळातली माणसं बदल्या मागून घेत होती. गणपती जवळ आले, तसे अध्यक्ष राजाभाऊ म्हणाले, “मंडळ बंद करू या. येतंय कोण?”

रघुवीरचा चेहरा उतरला. त्याला मूलबाळ नव्हतं. मंडळाचा गणपती त्याच्याच घरी बसायचा. तेव्हा पोरांनी घर भरायचं, तेवढंच काय ते.

“फॉलिंग अपार्ट ॲट द सीम्स,” राजाभाऊंनी चिमटा काढला. “तुझ्याच भाषेत सांगतो बाबा. शिवणी उसवल्यात.”

“मग नियमानं होऊ दे,” रघुवीर म्हणाला. “न बघता मी स्टूलसुद्धा मोडीत काढत नाही. वस्तू समोर मांडायची, समितीनं हात लावून बघायची. रविवारी दुपारी अख्खं मंडळ माझ्या अंगणात मांडा.”

“हा यमाकडेसुद्धा तीन सह्या मागेल!” मी म्हटलं.

गंमत म्हणून का होईना, माणसं आली. चंडीमंदिरच्या छावणीतून फौजी कुटुंबं, डेराबस्सीच्या औषध कारखान्यातला जयंत बायकोपोरांना स्कूटरवर कोंबून. मंडळाची सतरंजी पसरली, तर मधोमध उसवलेली. रघुवीरच्या बायकोनं, शालिनीवहिनींनी, दाभण आणला आणि बायका गप्पा मारत शिवायलाच बसल्या. पोरं “आंटी, पोहे और दो ना” करत अंगणभर.

राजाभाऊ उशिरा आले. बशी हातात घेऊन ताटकळत उभे.

“काय कापशीकर, शेरा काय?”

रघुवीरनं नव्या शिवणीवरून हात फिरवला. “दुरुस्तीयोग्य. अरे, जरा सरका रे, अध्यक्षांना बसू द्या.”

त्या वर्षी आरत्या भर उन्हात, दुपारीच झाल्या. रघुवीरच्या घरी.