फर्डिनंडचा टोस्ट

गिरीज गावच्या फर्डिनंडला भीती कशी ती ठाऊक नव्हती. केळीच्या वाडीत साप निघाला तरी "सरक रे बाबा" म्हणून तो पुढे जायचा. पण स्टेफीचं लग्न ठरलं आणि गड्याची झोप उडाली.

स्टेफी त्याची धर्मकन्या. रविवारी चर्चमधला मिस्सा संपला की पोरगी स्वतःच्या घरी न जाता आधी याच्या ताटावर. आता रिसेप्शनला ग्लास उंचावून टोस्ट द्यायचा मान धर्मपित्याचा. आणि नवरा स्टीवन पडला वांद्र्याचा! ती मंडळी म्हणे शिंकतातसुद्धा इंग्रजीत.

"मराठीत बोला की सरळ," बायको एमिली म्हणाली.

"पोरीला तिथे जन्म काढायचाय. तिचा धर्मपिता अडाणी आहे असं त्यांना वाटायला नको."

"वाटायला नको की कळायला नको?"

फर्डिनंडने पायात चपला सरकवल्या आणि गाठलं मटिल्डा टीचरला.

अर्ध्या गावाचं इंग्रजी या टीचरनी घासूनपुसून काढलेलं. 'अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहा' हा त्यांचा आवडता प्रश्न. निवृत्त झाल्या तरी खोड गेली नाही. मासळीवालीलाही सांगणार, "हा बोंबील ताजा नाही. हा कालचा आहे. याच्यापेक्षा तूच टवटवीत दिसतेस." अर्थ एकच, आणि भाव उतरेपर्यंत बाई थांबत नाहीत.

फर्डिनंडलाही त्यांनी प्रत्येक वाक्य तीन तऱ्हांनी घोकायला लावलं. "एक विसरलास तर दुसरं म्हण. दुसरं गेलं तर तिसरं. शब्द पळाले तरी अर्थ कुठे जात नाही."

मग काय, वाडीत केळींना रोज भाषण! "यंदा घड वाकडे आले तर मी टीचरला धरीन," एमिली साऱ्या गावाला सांगत सुटली. आम्हाला तर तिने दोनदा सांगितलं.

लग्नाच्या दिवशी कोटात कोंबलेला फर्डिनंड माईकपुढे उभा राहिला. "इट गिव्ज मी ग्रेट प्लेझर टु वेलकम यू." झकास! पण घाबरलेल्या माणसाला थांबायचं भान कुठलं? "आय ॲम व्हेरी हॅपी टु वेलकम यू." आणि लगेच, "यू आर ऑल मोस्ट वेलकम!" नवऱ्याचा काका कॅल्विन पहिल्याच वाक्याला ग्लास उचलून बसला होता. दर वाक्याला त्याला वाटे आता प्यायचं, आणि दर वेळी हात तसाच वर. वऱ्हाडात खसखस पिकली. एमिलीने कपाळाला हात लावला.

शेवटचं वाक्य आलं, निरोपाचं. 'वी शॅल मिस यू.' त्याचेही तीन अवतार पाठ होते. फर्डिनंडने स्टेफीकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले. झालं! तिन्ही वाक्यं एकदम पसार. हॉल चिडीचूप. बँडवाल्यानेही तोंडातला वडा तसाच धरून ठेवला.

फर्डिनंडने टीचरना शोधलं. त्या पहिल्या रांगेत शांत बसल्या होत्या. त्याने घसा खाकरला.

"स्टेफी, एव्हरी संडे, आफ्टर मास, युवर प्लेट इज ऑन माय टेबल. यू कम, यू नॉट कम. प्लेट इज देअर."

स्टेफी धावत येऊन गळ्यात पडली. स्टीवनची आई रुमाल शोधू लागली. कॅल्विनकाकाने मात्र संधी साधली आणि ग्लास एका दमात रिकामा केला.

जेवणाच्या रांगेत फर्डिनंड मान खाली घालून टीचरजवळ गेला. "टीचर, तुमचं एकही वाक्य आठवलं नाही."

"हे चौथं होतं," टीचर म्हणाल्या. "व्याकरणाचं श्राद्ध घातलंस. पण अर्थ तसूभर हलला नाही. पैकीच्या पैकी!"

आता रविवारी एमिली ताट मांडते. स्टेफी येते, स्टीवन येतो, आणि न बोलावता कॅल्विनकाकाही येतो.

"प्लेट एकच म्हणाला होतात ना हो?" एमिली नवऱ्याला डोळे वटारून विचारते.

"अर्थ तोच गं," फर्डिनंड म्हणतो आणि काकाच्या ताटात आणखी एक कोळंबी वाढतो.