माहेरचं नाणं, नांदलेलं नाणं

नाणी जमवणाऱ्यांकडे नाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. नाणं विकता येतं, बदलून घेता येतं, हरवतंसुद्धा. किस्सा मात्र कोणी विकत घेत नाही, त्यामुळे तो घरातच पडून राहतो आणि वाढत जातो. आमच्या कर्वेनगरच्या ग्रुपमध्ये तर हल्ली किस्स्यांना ऊत आलाय, कारण आता प्रत्येक नाण्याला सर्टिफिकेट लागतं!

म्हणजे काय, ते सांगते. पूर्वी नाणं हातात घ्यायचं, "छान आहे हो" म्हणायचं, संपलं. आता ते ग्रेडिंग कंपनीकडे पाठवायचं. कंपनी त्याला सत्तरपैकी मार्क देते, प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत सीलबंद करते आणि परत पाठवते. साठ किंवा वर मिळाले म्हणजे नाणं बाजारात फिरलेलंच नाही, कोरं. साठच्या खाली म्हणजे फिरलेलं. अशा कंपन्या बऱ्याच आहेत, आमच्यात दोनच चालतात. जी कडक आहे तिला आम्ही 'थोरली' म्हणतो आणि जी जरा मायाळू आहे तिला 'धाकटी'.

मी शाळेत गणित शिकवून रिटायर झाले. ग्रुपमध्ये सगळे मला बाईच म्हणतात. एकाच पेपरला दोन परीक्षक दोन तऱ्हेचे मार्क देतात, हे मला नवीन नाही. पण पोरं निदान घरी जाऊन रडतात तरी, नाण्याला तीही सोय नाही.

*

आमच्या ग्रुपचे मुख्य म्हणजे आपटे. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली. सदाशिव पेठ सोडून कर्वेनगरला आले त्यालाही आता जमाना झाला, पण पेठ काही त्यांना सोडून गेली नाही. डावा डोळा लहानपणी विटी लागून गेला. प्रुफं आणि नाणी, दोन्ही उजव्या एका डोळ्यावर.

त्यांना ते सत्तरपैकी मार्क अजिबात पटत नाहीत. त्यांची स्वतःची ग्रेड आहे. टांकसाळीतून निघून तसंच राहिलेलं नाणं म्हणजे 'माहेरचं'. थोडंसं फिरलेलं म्हणजे 'सासरी जाऊन आलेलं'. चांगलं फिरलेलं, कडा मऊ झालेल्या, पण चेहरा अजून शाबूत, ते 'नांदलेलं'. त्याच्याखाली 'दमलेलं'. आणि काहीच वाचता येत नसेल तर 'कै.'!

एकदा आपटे वहिनी चिवड्याचा डबा द्यायला, आम्ही दर रविवारी जमतो त्या हॉलवर आल्या होत्या. घरात माणसं दोन आणि नाणी पोतंभर, म्हणून त्यांचा या छंदावर पहिल्यापासून राग. त्यांनी ही यादी ऐकली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मग आमची ग्रेड काय हो?"

आपटे भिंगातून मान वर न काढता म्हणाले, "हातात घेऊन, उजेडात धरून, नीट पाहिल्याशिवाय मी ग्रेड देत नाही."

"इतक्या वर्षांत तेवढा वेळ झाला नाही वाटतं!" वहिनी म्हणाल्या आणि रिकामा डबासुद्धा न घेता गेल्या.

*

बराटे वारज्याचे. जमिनीवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, तरी त्यांनी मागच्या बाजूला दोन म्हशी ठेवल्यात. ते दोन गोष्टींवर जीव टाकतात, त्या म्हशी आणि आईच्या ट्रंकेतले राणीछाप रुपये.

त्यातला एक रुपया त्यांनी थोरलीकडे पाठवला. अठ्ठावन्न मिळाले, म्हणजे फिरलेला. बराटे नाराज. डबी फोडून तोच रुपया धाकटीकडे पाठवला. त्रेसष्ट! म्हणजे कोरा. आता कोणाचं खरं, म्हणून पुन्हा डबी फोडून पुन्हा थोरलीकडे. तर थोरलीनेच या वेळी एकसष्ट दिले.

रविवारी हॉलमध्ये रणकंदन. एकदा फिरलेलं नाणं पुन्हा कोरं कसं होतं? केतकी म्हणून आमच्यात आयटीतली एक मेंबर आहे. ती म्हणाली, "स्टँडर्डायझेशनच नाहीये बाई! दोन्ही कंपन्यांची लाइन वेगवेगळी आणि थोरलीचे ग्रेडरही रोज वेगळे." मी म्हटलं, यांना एक मॉडरेटर हवा. वाद तासभर चालला.

बराटे शांतपणे चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "आवो, डेरीवर आमच्या दुधाचं फॅट सकाळी येक लागतंय, सांजच्याला येक. दुसऱ्या डेरीत गेलं तर तिसरंच. पर म्हस तीच हाय की!"

त्या दिवसापासून आमच्या ग्रुपमध्ये कुठलाही वाद मिटवायचा असला की कोणीतरी म्हणतंच, "म्हस तीच हाय."

*

त्याच ट्रंकेतला दुसरा रुपया. हा दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात ठेवायचा आणि आदल्या दिवशी बराटे वहिनी तो चिंच लावून घासायच्या. बाकी देवांबरोबर रुपयाचीही आंघोळ.

थोरलीने त्याला मार्कच दिले नाहीत. नाणं घासून साफ केलं की त्याची मूळ झळाळी जाते, म्हणून नापास. डबीवर नुसतं छापून आलं, 'साफ केलेले'. धाकटीने मात्र तोच रुपया साठ मार्क देऊन पास केला.

बराटे वहिनींना हे कळलं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "साफ केलं म्हून नापास? असं कुठं आसतंय व्हय! मंग काय राखुंडीत लोळवून पाठवायचा हुता?"

मग धाकटीची डबी हातात घेऊन, उलटसुलट बघत म्हणाल्या, "ही मातुर चांगल्या घरची दिसती."

*

एका रविवारी माझ्यातली शिक्षिका जागी झाली. म्हटलं, कंपन्यांना नावं ठेवतो, आपण तरी किती पाण्यात आहोत बघू. चहाच्या आधी सगळ्यांना एक नाणं दाखवलं आणि चिठ्ठीवर ग्रेड लिहून घेतली. चहा झाल्यावर दुसरं नाणं दाखवलं, पुन्हा चिठ्ठ्या. अर्थात नाणं तेच होतं. पहिल्यांदा लाल कापडावर ठेवलं होतं, दुसऱ्यांदा काळ्या.

एकाचीही ग्रेड जुळली नाही! केतकीने चार मार्क कमी केले. बराटेंनी चहाच्या आधी 'नांदलेलं' लिहिलं आणि नंतर 'दमलेलं'. आपट्यांनी आधी 'सासरी जाऊन आलेलं' लिहिलं होतं, चहानंतर चक्क 'माहेरचं'.

मी विजयी मुद्रेने सगळं उघड केलं. वाटलं, आता आपटे पेचात सापडले.

आपटे म्हणाले, "चहा चांगला होता."

*

आता जे सांगणार आहे, त्यावर तेव्हा आम्ही हसलो नव्हतो.

गेल्या वर्षभरात आपट्यांच्या ग्रेडिंगमध्ये एक शब्द वारंवार यायला लागला. 'सोनेरी झाक'. जुन्या चांदीवर कधी कधी वर्षानुवर्षांच्या हवेने पिवळसर छटा चढते, ती शौकिनांना फार आवडते. आपट्यांना ती प्रत्येक नाण्यावर दिसू लागली. आम्ही म्हटलं, वय झालं, माणूस उदार झाला. पुण्यात असं होत नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग केतकीने टांकसाळीतून नुकतंच आलेलं चांदीचं नाणं आणलं. पांढरंशुभ्र, अजून पॅकिंगमधलं. त्याच्याबरोबरच पाडलेल्या जुळ्या भावंडांना थोरलीने आणि धाकटीने, इतिहासात पहिल्यांदाच, सारखे मार्क दिले होते, त्याचं कौतुक चाललं होतं. आपट्यांनी नाणं खिडकीपाशी नेलं, तिरपं केलं आणि म्हणाले, "वा! काय सोनेरी झाक आहे."

एरवी पाठोपाठ आमचंही 'वा' यायचं, ते आलं नाही. केतकीने माझ्याकडे पाहिलं. आपटे हुशार माणूस, त्यांना ती शांतता ऐकू आली. त्यांनी नाणं हळूच टेबलावर ठेवलं, पॅकिंग सरळ केलं आणि विचारलं, "नाहीये का?"

मोतीबिंदू वाढला की पांढरंही पिवळसर दिसतं, हे मला तेव्हा आठवलं. इतकी वर्षं ज्या डोळ्यावर आम्ही विसंबलो, तो एकच डोळा होता आणि त्यात मोतीबिंदू पिकत होता.

*

आपटे डॉक्टरांकडे जाऊन आले ते एकदम खुशीत. आम्हाला वाटलं, किरकोळ काहीतरी निघालं. तर तसं नव्हतं. एक डॉक्टर म्हणाले होते, ताबडतोब ऑपरेशन करा. दुसरे म्हणाले होते, एकच डोळा आहे, काम निभतंय तोवर थांबा.

"बघा!" आपटे म्हणाले. "एक थोरली, एक धाकटी. एकाच मालाला दोन ग्रेड! मग मी कशाला घाई करू?"

आणि त्यांनी खरोखरच टाळलं. आधी गणपती होऊ दे, मग दिवाळी होऊ दे. आपटे वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "बाई, ते घाबरलेत हो. ऑपरेशन फसलं तर सगळाच अंधार. वर्तमानपत्राचे नुसते मथळे वाचतात आणि मला सांगतात, आत काही वाचण्यासारखं नव्हतं." हे सांगताना त्या रडत होत्या. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं.

मी आपट्यांना गणिती पद्धतीने समजावलं. केतकीने लॅपटॉपवर ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवला, त्याने ते आणखी घाबरले. शेवटी बराटे त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले.

"आपटेसायेब, थोरलीनं काय सांगितलं आन धाकटीनं काय, ते ऱ्हाऊ द्या. सकाळी उठल्यावं तुमाला वहिनींचं तोंड नीट दिसतंय का?"

आपट्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "कडा दिसतात. मधलं मऊ झालंय."

"मंग? फॅट कितीबी लागू द्या," बराटे म्हणाले, "म्हस तीच हाय. डोळा तुमचा हाय, डाक्टरचा न्हाई."

आपट्यांनी त्याच आठवड्यात तारीख घेतली.

*

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. वहिनींनी मला सोबत बोलावलं, म्हणून मी खोलीत होते. बराटे आणि केतकी दारात उभे. बराटे दुधाची किटली घेऊनच आले होते, का ते त्यांनाही सांगता येईना.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पट्टी काढली, डोळा पुसला आणि म्हणाले, "आजोबा, हळूहळू उघडा. घाई नाही."

आपट्यांनी डोळा उघडला. समोर बघत राहिले. वहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"काय दिसतंय का आजोबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"समोर पाटी आहे," आपटे म्हणाले. "'चपला बाहेर काढावे' असं लिहिलंय." मग जरा थांबून, "'काढाव्यात' पाहिजे."

हुश्श! दारात केतकी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. बराटेंनी किटली खाली ठेवून हात जोडले, कोणाला ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी तर देवाचे, डॉक्टरांचे आणि ती पाटी चुकीची लिहिणाऱ्याचे, तिघांचेही मनातल्या मनात आभार मानले. कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन बोटं वर केली. "बरं आजोबा, आता सांगा, ही किती?"

"थांबा हो डॉक्टर," आपटे म्हणाले. "एक जुनं काम राहिलंय."

त्यांनी वहिनींना जवळ बोलावलं. खिडकीकडे तोंड करून उभं केलं. हनुवटीला दोन बोटं लावून चेहरा जरा डावीकडे वळवला, मग उजवीकडे, जसं नाणं कडेला धरून उजेडात फिरवतात तसं. वहिनी लाजून म्हणाल्या, "अहो, काय हे, सगळ्यांसमोर!" पण जागच्या हलल्या नाहीत.

आपट्यांनी सावकाश पाहिलं. मग म्हणाले, "नांदलेलं."

वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि जरा सावरून विचारलं, "आणि ती तुमची सोनेरी झाक? ती गेली ना एकदाची?"

आपट्यांनी पुन्हा एकदा नीट निरखून पाहिलं.

"नाही. आहे."

डॉक्टर दचकले. "अहो आजोबा, असं कसं? मोतीबिंदू काढलाय, ती आता दिसायलाच नको!" असं म्हणत त्यांनी घाईघाईने पुन्हा बॅटरी हातात घेतली.