हॅन्लींचं शेत

ब्रिजिट पेटरसनला जाऊन आता चार महिने झाले. हॅम्बर्गमधल्या ओल्सडॉर्फच्या दफनभूमीत आम्ही सात जण होतो. माझ्याखेरीज एक पाद्री, एक वृद्धाश्रमातली नर्स आणि आमच्याच इमारतीतली चार माणसं. आयर्लंडहून कोणी आलं नाही. तिच्या धाकट्या भावाने फुलं पाठवली होती, त्यावरच्या फितीवर तिचं नाव चुकीचं छापलेलं होतं.

ती तळमजल्यावर राहायची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. माझे यजमान गेल्यावर मी मुलीकडे, मैथिलीकडे, इथे कायमची राहायला आले, त्याला सहा वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात जिन्यात ब्रिजिटने मला थांबवून काहीतरी विचारलं आणि मी दचकले. बेळगावच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ज्या आयरिश सिस्टर इंग्रजी शिकवायच्या, अगदी त्यांचाच आवाज, तसाच हेल. मी तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आमच्या बायकांनी तुलाही छळलं तर." त्या दिवसापासून मंगळवारी दुपारी तिच्याकडे चहा ठरला.

बाविसाव्या वर्षी ती इथे आली, एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. बंदरातल्या फेरीबोटीवर काम करणाऱ्या उवे पेटरसनशी तिचं लग्न झालं. मूल झालं नाही. उवे गेल्यावरही ती त्याच दोन खोल्यांत राहिली. बोलताना मध्येच जर्मनमधलं 'या', 'गेनाऊ', म्हणजे 'हो', 'अगदी बरोबर', असं म्हणायची आणि लगेच स्वतःवरच वैतागायची. तिच्या ताटात कधी काही उरलेलं मी पाहिलं नाही. बटाटे ती सालासकट उकडायची, सालासकट खायची.

एका संकष्टीला मी तिला बटाट्याची भाजी नेली, जिरं आणि दाण्याचं कूट घालून. आज माझा उपास आहे, म्हणून हे, असं मी सांगितलं.

"उपास? बटाटे खाऊन?"

"हो. चालतात आम्हाला."

ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हणाली, "आमच्याकडे बटाटे नव्हते तेव्हा उपास होता, मालविका. पाच वर्षं चालला." आणि तिने भाजी संपवली.

आयर्लंडच्या त्या दुष्काळाबद्दल शाळेत सिस्टरांनी आम्हाला थोडं सांगितलं होतं. अठराशे पंचेचाळीस साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पानं काळी पडली, जमिनीतून काढलेला बटाटा हातात कुजायचा. गरिबांचं सगळं खाणं त्या एका पिकावर होतं. धान्य पिकत होतं, ते बोटींत भरून इंग्लंडला जात होतं. दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. सिस्टर हे सांगताना खिडकीबाहेर बघायच्या. त्यांच्या गोष्टीत मरणारे आणि मारणारे वेगवेगळे होते. मारणारे लांब, लंडनला.

ब्रिजिटची गोष्ट तशी नव्हती. ती तिने मला मागच्या वर्षी मे महिन्यात सांगितली, आणि तीही काम होतं म्हणून.

तिला एक पत्र आलं होतं. बोस्टनचे एक निवृत्त शिक्षक, डॅनियल हॅन्ली, आपल्या पूर्वजांचा शोध घेत होते. तिच्या गावच्या पाद्रीबाबांनी त्यांना तिचा पत्ता दिला होता. तुमच्या शेजारी आमचं घर होतं असं ऐकतो, तुम्हाला काही ठाऊक आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. ब्रिजिटचे डोळे तोवर अधू झाले होते. माणसाच्या चेहऱ्याच्या जागी तिला डाग दिसायचा, कडा तेवढ्या दिसायच्या. पत्र मीच वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "माझ्या लहानपणी आमचं एक शेत होतं. घरात सगळे त्याला हॅन्लींचं शेत म्हणायचे. गायी हॅन्लींकडे ने, हॅन्लींची बांधबंदिस्ती कर. आम्ही कॉनरॉय. गावात हॅन्ली एकही नाही. नऊ वर्षांची असताना मी आजीला विचारलं, शेत आपलं तर नाव त्यांचं का?"

"मग?"

"तिने आधी थोबाडीत दिली. मग सांगितलं."

आजीचे आजेसासरे मार्टिन कॉनरॉय, म्हणजे ब्रिजिटचे खापरपणजोबा. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी जमीनदाराने खंड थकलेल्या कुळांना घराबाहेर काढायला सुरुवात केली. माणसं परत आत शिरू नयेत म्हणून छप्परं पाडायची. त्या कामाला गावातलीच माणसं घेतली जात. दिवसाला मक्याचं पीठ मिळे. मार्टिनच्या घरात चार पोरं होती. तो पहार घेऊन गेला आणि त्याने शेजारच्या हॅन्लींचं छप्पर उतरवलं. हॅन्लीची बायको तीन मुलांना घेऊन रस्त्याकडेच्या चरात, वर गवत टाकून राहिली. दोन मुलं त्या चरातच गेली. तिसरा कसाबसा बोटीवर चढला. वसंतात ते शेत मार्टिनला मिळालं.

"त्याची चारही पोरं जगली," ब्रिजिट म्हणाली. "म्हणून मी आहे. पंचाहत्तर वर्षं हे माझ्यापाशी आहे. भावाला म्हटलं तर तो म्हणतो, उकरू नकोस. उवेलाही सांगितलं नाही. मरायच्या आधी एका हॅन्लीला हे सांगायचं, एवढंच मला पाहिजे. माफी नकोय. त्याला कळलं पाहिजे."

"फोन करायचा का त्यांना?"

"नको. हे फोनवर सांगायचं नसतं. त्याला दोनदा वाचता आलं पाहिजे. तुझं अक्षर आमच्या नन्सचं आहे, तू लिही."

चौदा मे, मंगळवार. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. तिची वाक्यं लहान होती. माझ्या खापरपणजोबांनी तुमच्या घराचं छप्पर उतरवलं. त्यांना त्याबद्दल पीठ मिळालं. तुमची दोन मुलं चरात मेली. आम्ही तुमचं शेत घेतलं.

मी ते तसं लिहिलं नाही.

आमच्या घरांत वाईट बातमी पत्रातून अशी अंगावर टाकत नाहीत. मी वसतिगृहात असताना माझे वडील वारले, तेव्हा मला तार आली ती 'वडील गंभीर, निघून ये' अशी. घरी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्याचा मला कधी राग आला नाही. घरच्यांनी रात्रभराचा प्रवास मला आशेवर करू दिला, हे मी उपकारच मानत आले. आमच्या सिस्टरांनीही हेच शिकवलं होतं, की पत्र वाचणाऱ्याला लागता कामा नये. म्हणून मी लिहिलं: ते फार भयंकर दिवस होते. तुमचं घर गेलं तेव्हा माझ्या माणसांना तिथे हजर राहणं भाग पडलं. पुढे त्यांनी तुमचं शेत सांभाळलं आणि आजवर ते तुमच्याच नावाने ओळखतात. भेटलात तर सविस्तर बोलू.

बाकीचं ती समोरासमोर सांगेल, माणूस समोर असला की शब्दही बरे सापडतात, असं मी मनाशी म्हटलं.

मग ती म्हणाली, "वाच."

आणि मी तिला तिचीच वाक्यं वाचून दाखवली. छप्पर, पीठ, चर, शेत. कागदावर ती नव्हती. ब्रिजिटने मान हलवली, चाचपडत सही केली आणि म्हणाली, "गेनाऊ." पाकीट मी चिकटवलं.

महिन्याभरात उत्तर आलं. दोनच ओळी, सप्टेंबरात येतो म्हणून. ब्रिजिटने त्या माझ्याकडून चार वेळा वाचून घेतल्या. "एवढं वाचून येतोय," ती म्हणायची. "शिव्या द्यायला येत असेल. देऊ दे." तिने पडदे धुऊन घेतले. मला तेव्हा सांगता आलं असतं. दर मंगळवारी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

हॅन्ली आले ते दुपारी चारला. उंच, वाकलेले, सत्तरीच्या आसपासचे. पावसात भिजलेले बूट त्यांनी दाराबाहेर काढले. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून एक शाल काढली, जाड लोकरीची, आणि ब्रिजिटच्या मांडीवर ठेवली. बायकोने विणली आहे, म्हणाले. शालीला एक कार्ड टाचलेलं होतं.

"सगळ्या नातवंडांच्या सह्या आहेत त्यावर," ते म्हणाले. "ज्या घराने आमचं नाव जपलं त्या घराला, असं लिहिलंय. माझे वडील असते तर, मिसेस पेटरसन, रडले असते."

ब्रिजिटचे हात शालीवर होते. ते तिथेच राहिले.

"माझं पत्र आणलंय?" तिने विचारलं.

"आणलंय ना."

"वाचा."

त्यांनी आनंदाने वाचलं. शिक्षकी आवाज होता, स्वच्छ. मी स्वयंपाकघराच्या दारात किटली घेऊन उभी होते. 'सांभाळलं' या शब्दाशी ब्रिजिटने मान माझ्या दिशेने वळवली. तिला मी दिसत नव्हते हे मला ठाऊक होतं.

पत्र संपल्यावर ती म्हणाली, "मी हे सांगितलं नव्हतं. मी काय सांगितलं होतं ते ऐका." आणि तिने सगळं सांगितलं, मे महिन्यात सांगितलं होतं त्याच वाक्यांत.

हॅन्लींनी पत्राची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "मुलांची नावं ठाऊक आहेत?"

"नाही. आजीलाही नव्हती."

"चर कुठे होता?"

"चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर. डाव्या हाताला. आता तिथे कुंपण आहे."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. चहाला हात लावला नाही. उठताना ते वाकले, शालीवरचं कार्ड जपून सोडवलं आणि खिशात ठेवलं. शाल तशीच राहू दिली. दाराशी बूट घालायला त्यांना फार वेळ लागला.

ते गेल्यावर मी म्हटलं, "ब्रिजिट, मला वाटलं…"

"तो रागावायची तयारी करून आला असता. नाहीतर आलाच नसता. दोन्ही त्याच्या हातात होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "तू त्या माणसाला समुद्रापलीकडून शाल घेऊन बोलावलंस. आणि मग मी त्याला घराबाहेर काढलं."

मी कप विसळायला घेतले. ती म्हणाली, "राहू दे. मी करते."

घरी येऊन मैथिलीला सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला. "आई, तिला दिसत नव्हतं गं," एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या मंगळवारी मी खाली गेले. दार उघडलं ते मदतीला येणाऱ्या बाईने. फ्राऊ पेटरसन झोपल्या आहेत, ती म्हणाली. आतून रेडिओ ऐकू येत होता. ब्रिजिटची पत्रं आता तीच बाई वाचू लागली. नोव्हेंबरात ब्रिजिट जिन्यात पडली आणि तिला वृद्धाश्रमात हलवलं. तिथे मी दोनदा गेले. पहिल्या वेळी आम्ही थंडीबद्दल बोललो.

दुसऱ्यांदा गेले ते जानेवारीच्या अखेरीस. ती फार बारीक झाली होती. डोळे मिटूनच तिने विचारलं, "कोण, मालविका?" मी हो म्हटलं. माझी पत्रं अजून जुन्याच घरी येतात आणि मदतीची बाई ती तुझ्याकडे देते, हे खरं का, असं तिने विचारलं. खरं होतं. गेले दोन महिने तिचं टपाल मीच वृद्धाश्रमाच्या पत्त्यावर पुढे पाठवत होते.

"हॅन्लीचं काही आलं?"

तिच्या हाताला सलाईन लावलं होतं. खोलीत दुसरी एक म्हातारी झोपली होती. मी एखादं पत्र रचून वाचून दाखवलं असतं तर ते कोणालाही कळलं नसतं. माझ्या डोक्यात दोन वाक्यं तयारही होती.

"नाही," मी म्हटलं. "काही आलं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

मग तिने मान हलवली. "त्याला कळलंय, म्हणजे झालं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी भेटीची वेळ संपेपर्यंत बसले.