वीस किलो तांदूळ

त्या वर्षी माझं वजन बेचाळीस किलो होतं आणि नाकावरचा राग त्याहून थोडा जास्त. रेल्वेत ट्रॅकवरच्या नोकरीची लेखी परीक्षा मी पास झाले होते. राहिली होती शारीरिक चाचणी. मुलींनी वीस किलोचं पोतं उचलून शंभर मीटर न्यायचं, दोन मिनिटांत, मध्ये कुठेही खाली न ठेवता. संधी एकच. शिवाय हजार मीटर धावायचं ते वेगळं. वयाच्या अटीमुळे माझी ही शेवटचीच वेळ होती. बी.एस्सी. झाल्यापासून मी घरी शिकवण्या घेत होते आणि आलेला प्रत्येक पाहुणा "मग, पुढे काय?" असं विचारून आमचाच चहा पिऊन जात होता.

धावण्याची मला काळजी नव्हती. काळजी होती ती पोत्याची. म्हणून आधी दुर्गजवळच्या आमच्या शहरात, सिविक सेंटरजवळच्या एका जिममध्ये गेले. तिथल्या ट्रेनरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "पहले दस किलो वजन बढ़ाओ, फिर उठाने की बात करना." मी विचारलं, दहा किलो वाढवल्यावर धावायला तुम्ही येणार का? त्या दिवशी माझं जिम सुरू झालं आणि त्याच दिवशी संपलं. घरी आले तर नागपूरच्या मावशीचा फोन. पोरीचे खांदे पैलवानासारखे झाले तर स्थळं कुठून आणायची, ही तिची चिंता. एकाला मी बारीक म्हणून नको होते, दुसरीला मी जाड होईन म्हणून धास्ती. मला मात्र अंगावर मांस नको होतं, अंगात बळ हवं होतं. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

बाबांच्या डोक्यात शिरली. बाबा दुर्ग लाइनवर ट्रॅकमन होते. तीस वर्षं रूळ, रुळांखालचे आडवे स्लीपर आणि खडी-गिट्टी उचलून रिटायर झाले, कंबर मात्र तिकडेच ठेवून आले. खुर्चीतून उठायचं तर आधी हात गुडघ्यावर, मग एक मोठा श्वास, मग ते उठणार. पण मला शिकवायचं ठरल्यावर भलतेच तरतरीत झाले. आमच्या घरापुढच्या गल्लीत ते हापशीपासून चालत निघाले. स्लीपरवरून चालायची सवय, त्यामुळे त्यांचं पाऊल आजही दोन स्लीपरमधल्या अंतराएवढंच पडतं. एकशे सहासष्ट पावलं मोजली आणि कडुनिंबाखाली थांबून म्हणाले, "हे घे तुये शंभर मीटर." मी टेप लावून पाहिला. हातभर फरक निघाला. तो टेपचा दोष आहे, असं त्यांनी जाहीर केलं.

घरात तांदळाचा नवा कट्टा आला होता. आमच्याकडे पोत्याला कट्टाच म्हणतात. पंचवीस किलोचा तो कट्टा. बाबांनी त्यातले पाच किलो खायला डब्यात काढले, उरलेले वीस सुतळीने घट्ट बांधले आणि मला समजावलं, "हातानं नको उचलू. खाली बस, पोटाशी घे, मंग पायाच्या जोरानं उठ. एकदा खांद्यावर गेलं का वजन हाडाचं, तुयं नाही."

पहिल्या दिवशी वजन हाडाचं वगैरे काही झालं नाही. तिसाव्या पावलाला मी आणि कट्टा दोघेही रस्त्यावर. मग रोज सकाळी उठाबशा, जिने चढणं, पेरूच्या फांदीला लोंबकळून अंग वर ओढणं. आई भिजवलेले हरभरे, अंडी, जवसाची चटणी आणि भाकरी मापात वाढायची. तेल कमी, साखर बंद. पाच आठवड्यांत वजन तेच राहिलं, पण दंड दोरीसारखे पिळदार झाले. कट्टा तर इतका सहज उचलू लागले की शेवटची वीस पावलं मी चक्क गाणं म्हणत जायची. गल्लीतल्या बायका थांबून बघायच्या. मी त्यांना दिसेल अशा बेताने बाही वर सारायची.

चाचणीला दहा दिवस उरले असताना भंगारवाला आला. त्याच्याकडे लटकवायचा काटा होता. बाबांपुढे मिरवावं म्हणून मी कट्टा त्याच्या काट्याला अडकवला.

"तेरह किलो, दीदी."

मी त्याच्या काट्याला खोटं ठरवलं. तो बिचारा म्हणाला, "मैं तो लेने के टाइम कम तौलता हूँ, आपसे तो कुछ ले भी नहीं रहा." पुन्हा लावला. तेराच.

आई अंगणात मेथी निवडत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "रोज एक वाटी काढत होती मी त्यातून. सुतळी खाली सरकवून बांधत होती."

माझं डोकं फिरलं. "कावून पण? नापास करायचं होतं का मले?"

"कावून म्हणते!" आईने मेथीची जुडी खाली टाकली. "इतके वर्षं मी या माणसाच्या कमरेले तेल चोळून राहिली. त्यायच्या चपलेचा पट्टा लावाले बी मले वाकावं लागते. आता तुयी बी कंबर चोळत बसू का?"

बाबा तिथेच खुर्चीत होते. ते पायातल्या चपलांकडे बघत राहिले. मला आईचा भयंकर राग आला होता. त्या रात्री मी भाताला शिवले नाही. ब्रेड खाऊन झोपले.

सकाळी बाहेर आले तर कट्टा भरलेला. डब्यातले तांदूळ आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले आणखी काही, असं करून आईने वीस किलो पुरे केले होते. पदर खोचून ती उभी होती. "उचल," म्हणाली. "मी मागं चालते."

आणि चालली. एक हात माझ्या कमरेवर ठेवून, हापशीपासून कडुनिंबापर्यंत. पाठ जरा वाकली की फटका. "पाठ!" मान झुकली की फटका. बाबांना उचलायचं कसं ते माहीत होतं, पण बिघडतं कुठून ते आईच्या हातांना माहीत होतं. पहिल्या दिवशी मी साठाव्या पावलाला बसले. सहाव्या दिवशी पोचले. नवव्या दिवशी गाणं बिणं काही न म्हणता, पाठ ताठ ठेवून पोचले आणि एकही फटका बसला नाही. तेवढं कौतुक मला पुरलं.

चाचणीला रायपूरला आई सोबत आली. पोत्यात वाळू होती, तांदळासारखी खांद्यावर बसत नव्हती, एका बाजूला ओघळत होती. ऐंशी मीटरच्या आसपास पोतं घसरायला लागलं. मी खांदा किंचित वर केला, कंबर हलू दिली नाही आणि चालत राहिले. रेषेपलीकडे गेल्यावरच खाली ठेवलं. थोड्या वेळाने धावलेही.

गेटबाहेर सगळ्यांचे आईबाप "झालं का, झालं का" म्हणून मुलींच्या अंगावर धावत होते. आईने काही विचारलं नाही. मला खांद्याला धरून पाठमोरं केलं आणि कुर्त्यावरूनच एकेक मणका दाबत खाली आली.

"दुखते?"

"नाही."

"वाक."

भर रस्त्यात मी वाकले, पायाचे अंगठे धरले.

"आता उठ."

हात कुठेही न टेकता मी उठले. तशी ती मटकन फुटपाथवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मीही शेजारी बसून रडले. एक अनोळखी बाई पाण्याची बाटली घेऊन आली आणि आईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "रोओ मत बहनजी, अगली बार हो जाएगा." आई मान हलवत पाणी प्यायली. मी पास झाले, हे तिला अजून माहीतही नव्हतं.